ढगापर्यंत नेलेली तार

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर विज्ञान शिकवत. पुस्तकातला प्रयोग मुलांच्या हातून करून घेतल्याशिवाय ते धडा पुढे नेत नसत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्या आग्रहाचा कस लागेल असा विषय मी मुद्दाम निवडला आहे. आकाशातली वीज आणि लहान रॉकेटं यांच्याशी हौशी माणसांनी केलेले प्रयोग, हा तो विषय. हंगामही त्याचाच आहे. वळवाचे ढग चढायला लागलेत आणि दुपार कलली की गडगडाट ऐकू येतो.

हौशी म्हणजे कच्चा, असा अर्थ कृपा करून घेऊ नका. ज्याचं पोट त्या कामावर चालत नाही, तरी ज्याला ते केल्यावाचून राहवत नाही, तो हौशी. आज ज्यांची नावं येतील त्यांत एक छापखान्याचा धनी आहे, एक न्यायाधीश आहे, एक निवृत्त घोडेस्वार शिपाई आहे आणि एक बुटांचा दुकानदार आहे. त्यांच्या कामाकडे पाहताना मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. ढगापर्यंत पोचण्याची युक्ती यांना लवकर सापडली. आपण आणि ढग यांच्यात नेमकं काय असावं, हे शोधायला मात्र फार वेळ लागला, आणि खरं विज्ञान तिथेच घडलं.

सुरुवात बेंजामिन फ्रँकलिनपासून. फिलाडेल्फियात छापखाना चालवून त्याने पैसा मिळवला आणि चाळिशीत धंद्यातून अंग काढून घेऊन तो विजेच्या मागे लागला. घर्षणाने तयार होणारी ठिणगी आणि ढगातली वीज या एकाच जातीच्या, असा त्याचा तर्क होता. १७५० मध्ये त्याने पडताळ्याची योजना लिहून लंडनला धाडली. उंच मनोऱ्यावर पहारेकऱ्याच्या खोपटासारखी खोली करायची, तिच्यातून वीस-तीस फुटांची टोकदार लोखंडी सळई वर काढायची, आणि जमिनीपासून विलग केलेल्या पाटावर माणसाने उभं राहून ठिणग्या काढायच्या. याच मजकुरात पुढे एक सूचना आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. धोका वाटत असेल तर माणसाने साध्या जमिनीवर उभं राहावं, जमिनीशी जोडलेल्या तारेचा फास मेणाच्या मुठीने धरावा आणि तो सळईजवळ न्यावा. म्हणजे ठिणगी सळईतून तारेत जाईल आणि माणूस वाचेल.

हा प्रयोग पहिल्यांदा केला फ्रेंच लोकांनी. पॅरिसजवळच्या मार्ली गावात थॉमा-फ्रांस्वा दालिबार याने सुमारे चाळीस फुटांची सळई उभारली आणि ती जमिनीपासून तोडण्यासाठी तिच्या पाटाखाली दारूच्या रिकाम्या बाटल्या ठेवल्या. १० मे १७५२ रोजी दुपारी ढग आले तेव्हा दालिबार स्वतः पॅरिसमध्ये होता. सळईपाशी होता क्वाफिए नावाचा निवृत्त शिपाई. त्याने काचेची मूठ असलेली पितळी तार पुढे केली आणि ठिणगी निघाली. गावचा पाद्री गारांच्या पावसात धावत आला. त्याला धावताना पाहून लोकांना वाटलं क्वाफिए मेला, आणि सगळं गाव मागोमाग आलं. क्वाफिए जिवंत होता. पाद्र्यानेही ठिणग्या काढल्या. ढगातल्या विजेला माणसाने पहिल्यांदा असा हात लावला तो एका गावच्या आवारात, बाटल्यांच्या आधारावर.

फ्रँकलिनचा पतंग त्याच वर्षीच्या जूनमधला. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या चित्रात वीज सणसणत पतंगावर पडताना दाखवतात. तसं झालं असतं तर फ्रँकलिन वाचला नसता. पतंगावर वीज पडलीच नाही. ढगाखालच्या विद्युतक्षेत्रामुळे ओल्या सुतळीत भार आला आणि सुतळीच्या टोकाला बांधलेल्या किल्लीतून ठिणगी निघाली, एवढंच घडलं. आणि त्याच्या हातात सुतळी नव्हती. किल्लीच्या खाली त्याने रेशमी फीत बांधली होती आणि ती कोरडी राहावी म्हणून तो आडोशाला उभा होता. त्या प्रयोगातली सर्वांत हुशारीची वस्तू मला ती फीत वाटते.

दक्षिण फ्रान्समधल्या नेराक गावचा न्यायाधीश झाक द रोमा हा याच काळात पतंग उडवत होता. त्याने दोरीला बारीक तांब्याची तार गुंडाळली आणि कित्येक फूट लांबीच्या ठिणग्या काढल्या. तोही काचेच्या मुठीचं साधन वापरी.

आता रिखमनकडे येऊ, कारण त्याच्यापाशी हा सगळा पेच उघडा पडतो. गेऑर्ग विल्हेल्म रिखमन हा सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीतला भौतिकशास्त्रज्ञ. तो हौशी नव्हता, निष्णात मोजणारा होता. इतरांनी ठिणगी पाहून आनंद मानला, त्याला आकडा हवा होता. छपरावर सळई, तिथून घरात आणलेला धातूचा दुवा, त्याच्या टोकाशी एक सुताचा धागा आणि कोन मोजायची पट्टी. भार वाढला की धागा दूर सरके आणि कोन वाचता येई. ६ ऑगस्ट १७५३ रोजी अकादमीच्या बैठकीत बसलेला असताना त्याला गडगडाट ऐकू आला. उपकरणाचं चित्र काढायला सोकोलोव नावाच्या खोदकाम करणाऱ्या कारागिराला घेऊन तो घरी धावला. कोन वाचायला तो वाकला, डोकं सळईपासून फूटभर अंतरावर आलं, आणि निळसर पांढरा गोळा सळईतून निघून त्याच्या कपाळावर आदळला. रिखमन जागीच गेला. कपाळावर लाल डाग, एक बूट फाटलेला. सोकोलोव खाली पडला, पण वाचला.

रिखमनचा मित्र लोमोनोसोव त्या दिवशी आपल्या घरी हाच प्रयोग करत होता. त्याने लगेच दरबारातल्या आपल्या आश्रयदात्याला पत्र लिहिलं. रिखमनच्या विधवेला आणि मुलांना आधार मिळावा ही त्यातली एक विनंती. या मृत्यूचा अर्थ लोकांनी विज्ञानाविरुद्ध लावू नये, ही दुसरी. मित्र जाऊन काही तासही झाले नव्हते आणि या माणसाला दोन्ही काळज्या एकाच वेळी होत्या, हे वाचताना मला आजही भरून येतं.

रिखमन निष्काळजी होता का? तसं म्हणून त्याला निकालात काढणं अन्यायाचं होईल. भार मोजायचा तर सळई जमिनीपासून तोडावी लागते. जमिनीशी जोडली की भार निघून जातो आणि धागा हलतच नाही. पण तोडलेल्या सळईवर खरोखर वीज पडली तर तिला जमिनीकडे जाणारी जी वाट जवळ दिसेल ती ती घेते, आणि त्या क्षणी जवळची वाट म्हणजे वाकलेला माणूस. मोजायचं तर तोडा, जगायचं तर जोडा, अशी ती कोंडी होती. फ्रँकलिनच्या मेणाच्या मुठीत तिचं अर्धं उत्तर होतं. उरलेलं अर्धं मिळायला दोनशे वर्षं गेली, आणि ते रॉकेटने दिलं.

रॉकेटच का, हे समजून घेण्यासारखं आहे. स्वच्छ हवेत जमिनीलगत दर मीटरला शंभरेक व्होल्टचं विद्युतक्षेत्र असतं. वादळी ढगाखाली ते काही हजार व्होल्टवर जातं. हवा फोडून ठिणगी पाडायला साधारण तीस लाख व्होल्ट लागतात. टोकदार वस्तूच्या अग्रापाशी क्षेत्र एकवटतं, म्हणून ती मदत करते. पण एका जागी उभ्या असलेल्या टोकातून भार हळूहळू हवेत गळत राहतो आणि तो गळलेला भार टोकाभोवती साचून त्यालाच झाकून टाकतो. उभ्या इंजिनाचा धूर इंजिनाभोवतीच कोंदतो आणि धावत्या गाडीचा मागे राहतो, तसंच हे आहे. मनोरा, पतंग, बांधलेला फुगा, हे सगळे आपल्याच भाराने झाकले जातात. रॉकेट सेकंदाला दीडशे मीटरहून अधिक वेगाने वर जातं, तेव्हा ते आपल्या गळतीच्या पुढे निघून जातं. त्याच्या मागे जमिनीशी जोडलेली बारीक तांब्याची तार उलगडत असते, म्हणजे क्षणात शेकडो मीटर उंचीचा मनोरा उभा राहतो आणि त्याच्या टोकाला झाकणारं काहीच नसतं.

कल्पनेला एक अपघातही कारण झाला. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात पाण्याखाली स्फोट केला असता उसळलेल्या पाण्याच्या स्तंभावर वीज पडली होती. उंच वस्तू अचानक उभी राहिली की वीज तिला गाठते, हे त्यातून दिसलं. मॉरिस न्यूमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एका जहाजावरून तार ओढणारी लहान रॉकेटं सोडली आणि वीज खाली आणली. जमिनीवर हे पहिल्यांदा जमलं १९७३ मध्ये, फ्रान्समधल्या सँ-प्रिव्हा-दालिए इथे. पुढे न्यू मेक्सिकोतल्या मॅग्डालेना डोंगरावरची लँगमुइर प्रयोगशाळा आणि फ्लोरिडातला कॅम्प ब्लँडिंग ही या कामाची मोठी केंद्रं झाली. लँगमुइरच्या माणसांनी डोंगरमाथ्यावर पोलादी खोली जमिनीत पुरली आणि डोक्यावर वीज पडत असताना ते आत बसून मोजमाप घेत.

पद्धत थोडक्यात अशी. जमिनीवरचं क्षेत्र ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की मीटरभर लांबीचं रॉकेट सोडतात. ते दोन-तीनशे मीटरांवर पोचलं की तारेच्या टोकातून प्रकाशाची एक शाखा वर ढगाकडे निघते. शेकडो अँपिअरचा प्रवाह तारेतून वाहतो आणि केसासारखी ती तार वाफ होऊन जाते. तिच्या जागी तप्त हवेची वाट उरते. त्याच वाटेने नंतरचे प्रखर झोत उतरतात, बरेचदा एकापाठोपाठ एक, दहा-पंधरा हजार अँपिअरचे. माणसाने लावलेली तार केवळ आमंत्रण देते आणि नाहीशी होते. मोजणी करणारी उपकरणं आपला आकडा धातूच्या तारेने नाही, काचेच्या प्रकाशतंतूने नियंत्रणकक्षात पाठवतात. प्रकाशतंतूतून वीज वाहत नाही. सळई जमिनीशी जोडलेली आहे आणि आकडाही मिळतो आहे. रिखमनचा पेच इथे सुटला, आणि फ्रँकलिनच्या रेशमी फितीची जागा काचेच्या धाग्याने घेतली.

या पद्धतीने काय मिळालं? विजेच्या तारा, विमानतळावरचे दिवे आणि घरांची जोडणी विजेचा तडाखा कसा सोसतात, ते हव्या त्या जागी वीज पाडून तपासता आलं. जमिनीत उतरलेल्या प्रवाहाने वाळू वितळून झालेल्या काचेच्या नळ्या खणून काढता आल्या. २००३ मध्ये जोसेफ ड्वायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रॉकेटने आणलेल्या विजेतून क्ष-किरणांचे झोत बाहेर पडतात. शतकानुशतकं पाहिलेल्या विजेत हे दडलेलं होतं, आणि ते सापडलं ते वीज कुठे पडणार हे आधी माहीत होतं म्हणून.

मोठ्या रॉकेटांनी हाच धडा नको त्या प्रकारे दिला. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ ढगात शिरलं आणि उड्डाणानंतर ३६ व्या आणि ५२ व्या सेकंदाच्या सुमारास त्याच्यावर वीज आली. यान आणि त्यामागची धगधगती वायूची शेपूट मिळून लांबच लांब वाहक झाला होता. नियंत्रणकक्षातल्या जॉन एरन या तरुण अभियंत्याने नेमकी कळ ओळखली, यानातल्या ॲलन बीनने ती फिरवली, म्हणून मोहीम वाचली. मार्च १९८७ मध्ये ॲटलस-सेंटॉर रॉकेट याच कारणाने गमावलं. त्याच वर्षी जूनमध्ये वॉलप्स बेटावर वीज कोसळली आणि तळावर उभी असलेली तीन लहान रॉकेटं कुणीही कळ न दाबता सुटली. ही शेवटची घटना लक्षात ठेवा.

आता बुटांचा दुकानदार. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावचा ऑर्व्हिल कार्लाइल. त्याला शोभेच्या दारूचा नाद, त्याचा भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती उडवणारा. १९५४ मध्ये दोघांनी मिळून कागदी नळीचं एक रॉकेट केलं. त्यात बदलता येणारी छोटी मोटर होती, आणि वर गेल्यावर पॅराशूट उघडून ते सावकाश खाली येई आणि पुन्हा उडे. दिवाळीतला आपला बाण एकदा गेला की गेला, आणि त्याची काडी कुणाच्या गच्चीवर पडेल ते सांगता येत नाही. कार्लाइलचं रॉकेट परत येत होतं. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइन याने मासिकात रॉकेटच्या सुरक्षिततेवर लेख लिहिला होता. तो वाचून कार्लाइलने १९५७ मध्ये त्याला पत्र लिहिलं आणि आपली रॉकेटं पाठवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियाचा स्पुट्निक अवकाशात गेला आणि अमेरिकेतली पोरं तळघरांत, परसांत गंधक, जस्ताची पूड, पोटॅश असं काहीबाही कालवून लोखंडी नळ्यांत ठासू लागली. बोटं गेली, डोळे गेले, काहींचे जीव गेले.

स्टाइनने त्या पोरांना घरी बसायला सांगितलं नाही, हा त्याचा मोठेपणा. त्याने आणि सहकाऱ्यांनी संघटना उभारली आणि नियम बांधले. इंधन स्वतः कालवायचं नाही, कारखान्यात बनलेली मोटरच वापरायची. नाक, नळी, पंख धातूचे नकोत, कागद, हलकं लाकूड, प्लॅस्टिक चालेल. वातीला काडी लावायची नाही, विजेच्या तापलेल्या बारीक तारेने मोटर पेटवायची आणि लहान मोटरलाही पंधरा फूट दूर उभं राहायचं. कळपेटीत किल्ली घातल्याशिवाय प्रवाह जायला नको, आणि रॉकेट सुटलं नाही तर किल्ली काढून मिनिटभर थांबून मगच जवळ जायचं. विजेच्या खांबांपासून दूर राहायचं आणि ढगात सोडायचं नाही.

काहींना यात भित्रेपणा दिसतो. मला यात अतिशय खोल अभियांत्रिकी दिसते. प्रत्येक नियमामागे कुणाची तरी जखम आहे आणि तिच्या कारणाचं विश्लेषण आहे. या नियमांच्या जोरावर दहा-बारा वर्षांच्या मुलांना खरी मोटर हातात घेता आली, जोर आणि वेळ यांचा आलेख काढता आला, उंची मोजता आली. नियम नसते तर सरकारने सगळंच बंद केलं असतं आणि ते योग्यही ठरलं असतं.

इथे अनेक तरुणांच्या मनात येणारा प्रश्न मला विचारला जातो, म्हणून उत्तर उघडपणे देतो. लहान रॉकेट आहे, बारीक तांब्याची तार बाजारात मिळते, मग आपण ढगातून वीज का उतरवू नये? कारण रॉकेटपासून तुमच्या हातातल्या कळीपर्यंत वायर येते. वादळात ती वायर रिखमनच्या घरात शिरलेल्या धातूच्या दुव्यासारखीच असते. वॉलप्सला कुणी कळ दाबली नव्हती, हे आठवा. शिवाय वीज तारेच्या बुडाशी येऊन थांबत नाही, ती जमिनीत पसरते. चालताना दोन पावलांत जितकं अंतर, तितका त्यांच्यातला विद्युतदाबाचा फरक. गाईम्हशींचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरं एकदम मरतात. कॅम्प ब्लँडिंगवाल्यांनी यासाठी भूवाहकांची जाळी, बंदिस्त खोल्या, चाचण्यांची वर्षं खर्ची घातली. हे परसात उभं करता येत नाही. हा प्रयोग करू नका, असं मी स्पष्ट सांगतो.

मग हौशी माणसाने करायचं काय? पुष्कळ आहे. पाण्याचं रॉकेट करा. प्लॅस्टिकची बाटली, सायकलचा पंप, थोडं पाणी. न्यूटनचा तिसरा नियम त्यात पूर्ण येतो आणि दारूचा एक कणही लागत नाही. आणि विजेचं म्हणाल तर घरात बसून ऐका. बॅटरीवरचा रेडिओ मीडियम वेव्हला, जिथे केंद्र लागत नाही अशा जागी लावा. प्रत्येक वीज त्यात खरखर करून जाते, कारण ती रेडिओलहरी सोडते. या लहरी वेगवेगळ्या ठिकाणी किती फरकाने पोचल्या ते मोजून वीज कुठे पडली ते काढतात. युरोपात सुरू झालेलं ब्लिट्झऑर्टुंग हे जाळं तर स्वयंसेवकांनी आपापल्या घरी जोडलेल्या रिसीव्हरांवर उभं आहे. मार्लीच्या क्वाफिएचे खरे वारस मला हे लोक वाटतात. आपल्या पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने देशभर असे संवेदक बसवले आहेत आणि त्यावर चालणारं दामिनी हे ॲप मोबाइलवर इशारा देतं.

त्याची गरज किती आहे ते आपल्याला माहीत आहे. देशात दरवर्षी अडीच हजारांवर माणसं विजेने मरतात, आणि त्यांतली बहुतेक शेतात काम करणारी असतात. पायाळू माणसावर वीज पडते, असं अजून म्हटलं जातं. ती समजूत सोडून द्यायला हवी, कारण तिच्या भरवशावर बाकीचे झाडाखाली निर्धास्त उभे राहतात. आणि वीज लागलेल्या माणसाच्या अंगात भार उरत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास आणि नाडी थांबली असेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा. अशी माणसं वाचतात.

शेवटी एक काम सुचवतो. मृग लागेपर्यंत तालुक्यातल्या शाळांनी गडगडाटाची नोंदवही ठेवावी. लखलखाट दिसला की घरातूनच सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर कुणीही बाहेर राहायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबायचं. वहीत तारीख, वेळ, दिशा, सेकंद आणि गारा पडल्या का, एवढे रकाने पुरे. दहा गावांच्या वह्या शेजारी ठेवल्या की ढग कुठून कुठे गेला ते मुलांना स्वतः काढता येईल, आणि दामिनीच्या नोंदींशी ताडूनही पाहता येईल. आखलेल्या वह्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. शिक्षकांनी जाताना आपल्या शाळेची वही न्यावी.